उलाळ गाडी

मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी उचललं, ती सगळी माणसं चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर ही बाई कृतघ्न आहे असं कुणाला वाटायला नको. लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून गोरेगावच्या स्टँडवर कुणी ना कुणी मला उचलून जीपमध्ये ठेवलं आहे, सेनगावला उतरवलं आहे, हिंगोलीला कापड दुकानाच्या पायऱ्या चढवल्या आहेत. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी घाई आहे म्हणालं नाही. फक्त एकानंही कधी विचारलं नाही, की उचलू का?

"धरा रे" असा आवाज यायचा आणि मी हवेत असायची. एकाचा हात काखेत, दुसऱ्याचा गुडघ्याखाली, पदर कुठे गेला ते देव जाणे. मला सीटवर ठेवलं की ते लोक हात झटकायचे. त्यात अपमान करायचा हेतू नसायचा. आमच्याकडे पोतं गाडीत टाकलं की हात झटकतात, तीच सवय. पण मी ते हात झटकणं प्रत्येक वेळी बघायची आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात एक शिवी द्यायची. जीपवाल्याला वाटायचं, बाई देवाचं नाव घेऊन राहिली.

मी शिवणकाम करते. हाताच्या मशीनवर, कारण पायाच्या मशीनचा मला काय उपयोग. अस्तर, बटणं, लेस आणायला हिंगोलीला जावं लागतं. एके काळी मी महिन्यातून दोनदा जायची, मग एकदा, मग भावाला यादी द्यायला लागले. घरच्यांना वाटलं, हिचं वय झालं. वयाचा काही संबंध नव्हता. मला त्या हवेतल्या क्षणांचा वीट आला होता.

आणि वीट यायचं कारणही स्पष्ट होतं. मला न उचलता गाडीत बसायचं सुख ठाऊक होतं. ते मी सहा-सात वर्षांची असतानाच मला मिळालं होतं, आणि ते देणारा माणूस अजून आमच्याच घरात, माझ्याच शेजारच्या खोलीत खोकत होता.

तेव्हा आम्ही गावात राहत नव्हतो. शेतात आखाड्यावर राहायचो, म्हणजे विहिरीजवळच्या दोन खोल्या, पुढे गोठा आणि कडुलिंब. शाळा गोरेगावात. सकाळी बाबा दूध घेऊन गावात जायचे, त्या बैलगाडीत मी. पहिल्या दिवशी आईनं मला उचलून गाडीत ठेवायला हात पुढे केले आणि मी असा गळा काढला की गोठ्यातली वासरं दावं तोडायला लागली. आई चिडली. बाबांनी अजून बैल जुंपलेच नव्हते. ते पुढे गेले, दोन्ही हातांनी जू धरलं आणि सरळ डोक्याच्या वर उचललं. गाडी आपल्या चाकांच्या आसावर मागे झुकली आणि मागचं टोक येऊन मातीला टेकलं.

मागे ओझं जास्त झालं की गाडी अशी उलटी झुकते, त्याला आमच्याकडे उलाळ होणं म्हणतात. शेतकऱ्याला ते अजिबात आवडत नाही. बैलांच्या गळ्याला फास बसतो, माल सांडतो, लोक हसतात. बाबांनी मुद्दाम गाडी उलाळ केली होती. जू हातात धरून ते म्हणाले, "चढ माय. म्या धरलंय."

मी हातावर सरकत गेले. गाडीच्या दोन्ही बाजूंना उभे खुंट होते. एक खुंट धरायचा, अंग ओढायचं, मग पुढचा खुंट. तळहाताला लाकडाची कुसळं टोचत होती आणि मला ती इतकी आवडत होती की सांगता येत नाही. मी मधोमध पोचले तशी गाडी हलली. बाबांनी जू हळूहळू खाली आणलं, आणि मी बसल्या बसल्या वर आले. जसं बाळ पाळण्यात झुलतं तसं. मग त्यांनी बैल जुंपले, दुधाची कॅन ठेवली आणि आम्ही निघालो. आई दारात उभी राहून म्हणाली, "पोरीचं कवतिक करता करता एक दिवस कंबर धरंल तुमची." पण ती हसत होती.

मग ते रोजचंच झालं. मी मागे तोंड करून, पाय खाली सोडून बसायची. बाबा पुढे, आमची पाठीला पाठ. त्यांना समोरचा रस्ता दिसायचा, मला मागे पडलेला. आमचा आखाडा लहान लहान होत जायचा, कडुलिंब तेवढा शेवटपर्यंत दिसायचा, मग ओढ्याच्या उतारावर तोही बुडायचा. हिवाळ्यात तुरीच्या शेतातून जाताना अंगाला पिवळी फुलं लागायची. बाबा पुढून विचारायचे, "काय दिसून राहिलं तिकडं?" मी सांगायची, "आपलं कुत्रं येऊन राहिलं मागं." "हाकल त्याला." "न्हाई हाकलत." एवढंच बोलणं, पण ते मला अजून पाठ आहे.

शाळेच्या फाटकाशी तेच सगळं पुन्हा. बैल सोडायचे, जू उचलायचं, मी घसरगुंडीसारखी खाली. पोरं बघायला जमायची, आणि मधल्या सुट्टीत काही जणांनी मला विचारलं होतं, की तुझ्या गाडीत आम्हाला चढू देशील का. मला हेवा वाटावा अशा मुली वर्गात पुष्कळ होत्या. पण माझा हेवा वाटणारे लोकही तेव्हा होते, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे.

एकदा गुरुजी घाईत होते. तपासणीला कुणी साहेब येणार होते आणि फाटकात आमची बैल सोडलेली गाडी आडवी. ते बाबांना म्हणाले, "अहो, उचलून आणा की तिला आत. इतका वेळ कशाला लावता?" बाबा जू धरून उभे होते. ते म्हणाले, "तिचे हात चांगले हायती, गुरुजी." आणि मी उतरेपर्यंत तसेच उभे राहिले. साहेबांची जीप बाहेर भोंगा वाजवत होती. मी त्या दिवशी जरा जास्तच सावकाश उतरले असेन.

पुढे रस्ता डांबरी झाला. भावाचं लग्न झालं तसे आम्ही गावात राहायला आलो, बैल म्हातारे झाले, गाडीची चाकं गावातल्या घरामागच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. मग जीप आली, मग बस. सगळीकडून सगळीकडे जाता यायला लागलं, फक्त माझ्या जाण्याची रीत बदलली. बसमध्ये अपंगांसाठी सीट राखीव असते, खिडकीवर तसं लिहिलेलंही असतं. ते वाचायला मी कमरेएवढ्या उंच पायऱ्या चढून आत पोचले तरच ना. ज्यानं ते लिहिलं त्याला माझी काळजी होती हे खरं, पण तो दारापासून सुरुवात करायला विसरला. व्हीलचेअर मिळाली तेव्हा वाटलं होतं, आता सुटले. खुर्ची घरात, अंगणात, गल्लीत झकास चालते. स्टँडवर पोचलं की पुन्हा "धरा रे", आणि आता खुर्चीसकट.

भावानं पिकअप घेतली. हळदीची, सोयाबीनची पोती हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायचा. माझा भाऊ जीव लावणारा आहे, पण सदा घोड्यावर. "चल आक्का" म्हणेपर्यंत त्यानं मला केबिनमध्ये ठेवलेलं असायचं. एकदा मी म्हटलं, "अरे, विचारत जा ना आधी." तो म्हणाला, "आता तुला काय विचारायचं, तू काय परकी हायस?" परकी असते तर त्यानं विचारलं असतं, हे त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

असं सगळं चाललं होतं, आणि एका पावसाळ्यात बाबा विहिरीच्या काठावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या वयात हाड पहिल्यासारखं जुळत नाही. चालणं संपलं. हिंगोलीहून घरी आणलं तेव्हा चौघांनी चादरीची झोळी करून त्यांना पिकअपमधून उतरवलं. अख्खी गल्ली जमली होती. "डोकं सांभाळा", "पायाकडून धर", "अरे हळू, पोतं हाय का ते" असा नुसता गलका. मी दारात माझ्या खुर्चीत बसले होते. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. दुखतंय म्हणून मिटले असतील असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र ते मिटणं ओळखीचं होतं, कारण हवेत असताना मीही तसेच मिटते.

त्यांना माझ्यासारखीच खुर्ची आणली. अंगणात एकाच्या जागी दोन खुर्च्या झाल्या. बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. दवाखान्यात परत दाखवायला न्यायचं म्हटलं तर नाही म्हणाले. शेत बघायला चला म्हटलं तरी नाहीच.

दिवाळी जवळ आली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. बाबांची एकच बहीण, माझी आत्या, डोंगरकड्याला दिलेली. बाबांपेक्षा मोठी. दर भाऊबिजेला बाबा तिच्याकडे जायचे. पाऊस असो, रब्बीची पेरणी असो, बाबांनी ती वारी कधी चुकवली नव्हती. आत्यानं इकडे येणं बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं. ती लेकासुनांत, नातवंडांत रमली असं आम्ही समजून चाललो होतो. त्यामुळे बहीणभावांची भेट म्हणजे तो एक दिवस. फोनवर आत्याला नीट ऐकू येत नव्हतं आणि बाबांना फोनवर नीट बोलता येत नव्हतं.

भाऊ म्हणाला, "बाबा, तुमी फिकर करू नका. आमी चौघं मिळून अलगद उचलतो. तिथं उतरवायला आत्याची पोरं हायतीच."

बाबा म्हणाले, "मी न्हाई येत."

"काहून?"

"तिच्या दारात झोळीतून उतरू? तिच्या व्याह्यांच्या देखत? तिनं मला पायांवर उभं बघितलेलं हाय तेवढं बस हाय." मग ते म्हणाले, "तिला सांग, भावाला बरं न्हाई."

भाऊ वैतागून बाहेर गेला. त्याला हा हट्ट वाटला. मला हट्ट वाटला नाही. पण मला फार वाईट वाटलं. दोघांचीही वयं अशी होती की पुढची भाऊबीज दोघांना मिळेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं. तरी बाबा जाणार नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणवेना.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले. बैलगाडीचं एक चाक अजून भिंतीला टेकून होतं. त्याच्याकडे बघता बघता मला ते सगळं आठवलं, वर उचललेलं जू, मातीला टेकलेलं टोक, कुसळं. आणि वाटलं, अरे, गाडी उलाळ करायची. इतकं सोपं आहे. पिकअपच्या मागच्या हौद्याला उलाळ करता आलं पाहिजे.

सेनगाव रस्त्यावर एक वेल्डिंगचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, चार पिढ्यांपासून गोरेगावातलं मुसलमान घराणं. त्याचे वडील गाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे, आमच्याही गाडीची त्यांनीच बसवलेली. मुलगा ट्रॉल्या, फाटकं, पत्र्याचे शेड करतो, आणि आपल्यासारखा कारागीर औरंगाबादेपर्यंत नाही असं स्वतःच सांगतो. मी त्याला जमिनीवर काठीनं आकृती काढून दाखवली. हौद्याच्या मागच्या कडेला आडवा आस. त्यावर पत्र्याची एक लांब फळी. बाहेरचं टोक जमिनीला टेकेल, आतलं वर उठेल. माणूस खुर्चीसकट फळीवर आला की बाजूचा दांडा ओढायचा, फळी समतल होईल आणि माणूस आत. दोन्हीकडे धरायला कठडे, खुंटांसारखे.

तो आकृतीकडे बघत म्हणाला, "आपा, ही तर बैलगाडी झाली."

"बैलगाडीच आहे. तू नुसती लोखंडाची कर."

"फिकर नका करू. अशी बराबर बनवतो की तुमी म्हणताल वा."

माझा भाऊ आधी कुरकुरला. त्याची पिकअप म्हणजे त्याची रोजीरोटी. फळी काढता-घालता येईल असं कबूल केल्यावर तयार झाला. आठवडाभर दुकानात ठिणग्या उडाल्या. मग निरोप आला, या बघायला.

मी खुर्ची ढकलत गेले तर दुकानासमोर ही गर्दी. वेल्डरनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यानं माझ्यासमोर परीक्षा घेतली. एक रिकामी चाकांची खुर्ची आणली होती, तिच्यावर हळदीचं भरलेलं पोतं दोरीनं बांधलेलं. खुर्ची फळीवर चढवली, दांडा ओढला, फळी डौलात वर आली, खुर्ची सरसर आत. लोक वा वा करायला लागले. भाऊही खूश. पोतं तीन-चार वेळा वर गेलं आणि खाली आलं. ते तर फारच सुखात दिसत होतं.

मग पोतं काढून मला म्हणाले, आपा, आता तुमी. मी माझ्या खुर्चीतून त्या खुर्चीत सरकले. फळीवर चढले, कठडे धरले. दांडा ओढला. मी वर आले, अगदी लहानपणी यायची तशी, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात माझं कपाळ हौद्यावरच्या ताडपत्रीच्या लोखंडी कमानीवर असं आपटलं की समोर काजवे चमकले.

मी कपाळ धरून म्हटलं, "माप कुणाचं घेतलं होतंस?"

वेल्डर भावाकडे बघायला लागला. भाऊ आभाळाकडे. शेवटी वेल्डर म्हणाला, "आपा, तुमचं माप कसं घेणार? बाईमाणसाजवळ टेप घेऊन कसं यावं? तुमच्या भावाला विचारलं, वजन किती असंल. ते म्हणाले, एका पोत्याएवढं. मंग पोतंच ठेवलं."

माझा जो राग सुटला तो त्या दोघांवर नव्हता, म्हणजे फक्त त्या दोघांवर नव्हता. इतक्या वर्षांतले सगळे हात झटकणारे लोक मला समोर दिसायला लागले. मी म्हटलं, "पोत्याला डोकं असतं का? पोत्याला गुडघे असतात का? ते उतरताना तोंडावर पडलं तर दात पडतात का त्याचे? एवढा मोठा कारागीर तू, आणि अख्ख्या गावात तुला मापाला पोतंच सापडलं?" आणखी पुष्कळ बोलले. ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

पण घरी येताना मला हसू येत होतं. अर्ध्या गावातल्या बायकांची मापं मी घेते. खांदा, छाती, बाही, उंची, सगळं पाठ. आणि माझ्यासाठी गाडी बनत असताना माझं माप घ्या असं मलाही सुचलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? तो टेप घेऊन माझ्या खांद्याशी आला असता तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. आमच्या गावात एक बाई आणि एक वेल्डर यांनी मिळून काही बनवायचं, तर मधे पोतं येणारच.

घरी पोचले तर भावजय माझ्या पाठीकडे बघून फिसकन हसली. त्या खुर्चीवर पोत्यातली हळद सांडली होती आणि माझं सगळं पातळ मागून पिवळं झालं होतं. बाबा अंगणात बसले होते. म्हणाले, "आज शेवटी हळद लागली म्हणायची बाईला." मला कधी स्थळ आलं नाही, त्याबद्दल बाबा इतक्या वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. आज चक्क थट्टा केली. मीही म्हटलं, "लागली, पण नवरदेव पोतं निघालं." पडल्यापासून बाबा पहिल्यांदा मोकळे हसले. पण मी कुठे गेले होते ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिवणकामाचा टेप घेऊन दुकानात गेले. वेल्डर पाच हात लांब उभा राहिला, खडू घेऊन. मी खुर्चीत बसून माझं माप मीच घेतलं. जमिनीपासून डोक्यापर्यंत. पाठीपासून गुडघ्यापर्यंत. हात सरळ केला तर कुठवर पोचतो, वाकवला तर कुठवर. मी आकडा सांगायची, तो पत्र्यावर लिहायचा. बाबांची मापं मी घरूनच घेऊन गेले होते, नवा सदरा शिवायचा या निमित्तानं. कमानी वर सरकवल्या. फळीवर आडव्या पट्ट्या मारल्या, म्हणजे चाक मागे घसरणार नाही. आणि मी दांड्यापाशी अडून बसले.

"हा खाली घे. आणि वरूनही हाताला आला पाहिजे."

"दांडा तर भाऊच ओढतील ना, आपा? उभ्या माणसाला बराबर हाय तो."

"मी ओढणार आहे. मी बसलेली आहे."

त्यानं दांडा बदलला. लांब केला, वाकवला, खाली मूठ, वर मूठ. माझ्या मनात होतं ते असं की भाऊबिजेच्या सकाळी बाबा फळीवर चढतील आणि त्यांचा दांडा मी धरीन. त्यांनी माझ्यासाठी कितीदा जू उचललं असेल. एकदा तरी मला त्यांच्यासाठी धरायचं होतं. या एका गोष्टीसाठी मी त्या वेल्डरचं डोकं खाल्लं.

भाऊबिजेच्या सकाळी भावानं पिकअप मागे घेत दारापर्यंत आणली. फळी जमिनीला टेकवली. मी बाबांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "बाहेर या. एक गोष्ट दाखवायची आहे." त्यांच्या अंगात नवा सदरा होता. ते चाकं ढकलत अंगणात आले आणि थांबले. फळीकडे बघितलं, आसाकडे बघितलं, कठड्यांवरून हात फिरवला. थंडी होती, लोखंड गार असेल.

"उलाळ केली व्हय," ते म्हणाले.

"व्हय, बाबा. चढा तुम्ही. मी..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी खुर्ची वळवली, फळीच्या बाजूला आले आणि खालची मूठ धरली. मी केवढ्या हट्टानं खाली आणून घेतलेली मूठ ती. दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

आता त्यांना कसं सांगू, की बाबा, हे तुमच्यासाठी केलंय, तुम्ही बसायचं आहे, धरायचं नाही? मी फळीवर खुर्ची घातली, कठडे धरले आणि अंग ओढलं. मधोमध आले. बाबांनी दांडा ओढला, हळूहळू, अजिबात धक्का न देता. मी वर आले. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि मला रडू आलं. कपाळ कुठे आपटलं नाही, तरी आलं.

मग मी हौद्यात वळून वरची मूठ धरली आणि म्हटलं, "आता या." बाबांनी तळहातांना थुंकी लावली, जशी नांगर धरताना लावायचे, आणि कठडे धरले. त्यांचे हात मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगले होते. भाऊ दोनदा मदतीला धावला आणि दोनदा मी त्याच्यावर डोळे वटारले.

आम्ही दोघं हौद्यात, शेजारी शेजारी, मागे तोंड करून. रस्ता मागे मागे पळत होता. एक कुत्रं थोडा वेळ पाठलाग करून दमलं. तुरीची शेतं फुलांनी पिवळी झाली होती. कळमनुरी मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "तुला रोज हे असं दिसायचं व्हय?"

"व्हय."

"मला कधी दिसलं न्हाई. म्या नुसते बैल बघितले."

डोंगरकड्याला पोचलो तेव्हा आत्याच्या दारात माणसं जमलेली. आत्याचा मोठा मुलगा "धरा रे" म्हणत पुढे आला, मागे तिघं-चौघं. माझं तोंड उघडायच्या आत बाबांनी हात वर केला. ते चढ्या आवाजात बोललेच नाहीत. नुसतं म्हणाले, "थांबा. गाडी उलाळ होऊ द्या." भावानं फळी टेकवली, मी वरून दांडा धरला, आणि बाबा आपल्या खुर्चीत, नव्या सदऱ्यात, पाठमोरे, एकेक पट्टी करत बहिणीच्या अंगणात उतरले. व्याही बघतच राहिले.

आत्या काठी टेकत बाहेर आली. कमरेत पार वाकलेली. तिच्या सुनेच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. तिनं अंगणातच ओवाळलं, भावाच्या कपाळाला कुंकू लावताना तिला पहिल्यांदाच हात वर करावा लागला नाही. मग ती बाबांना सोडून त्या फळीकडेच बघायला लागली. काठीनं एकदा ठोकून बघितली.

"ह्याच्यावरून चढता येतं?" तिनं मला विचारलं.

"येतं, आत्या."

"कुणी न उचलता?"

"कुणी न उचलता."

ती म्हणाली, "माझे गुडघे गेले तसं मला जीपीत चढवत न्हाई. जावयासारखी माणसं, पोरं, कुणी बी कंबरेला हात घालतंय. मला लाज वाटायची. म्हणून म्या माहेर सोडलं." तिनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाला वाटलं असंल, विसरली म्हातारी."

बाबांना ते वाटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. इतकी वर्षं ती पायरीच्या उंचीपायी अडून होती आणि आम्ही म्हणत होतो, रमली. बाबा मान खाली घालून बसले. मग त्यांनी चाकं फिरवली, अंगणात बसलेल्या सगळ्या व्याह्यांच्या मधून खुर्ची नेली, फळीच्या बाजूला लावली आणि मूठ धरली.

सून म्हणाली, "अहो मामा, जेवून तरी जा."

"जेवतो ना. तवर ती चढून बघंल," बाबा म्हणाले. आणि बहिणीकडे वळून, अगदी मला म्हणायचे त्याच आवाजात, "चढ बाई. म्या धरलंय."

आत्यानं काठी सुनेच्या हातात दिली आणि कठडा धरला.